मास्तरांचा कान

"वाजवून बघितल्याशिवाय मी तारा घेणार नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी आपली इलेक्ट्रिक गिटार काउंटरवर आडवी ठेवली.

काउंटरमागे स्टुलावर बसलेल्या तारवाल्यांनी मान डोलावली. मास्तर येणार असा निरोप आल्यापासून त्यांना याच वाक्याची धास्ती होती.

मास्तर म्हणजे काही साधं गिऱ्हाईक नव्हे. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी गिटार शिकवली होती. तरुणपणी बँडमध्ये ते वाजवायला लागले की हॉलच्या काचा थरथरायच्या. एका दुकानातली तार तर त्यांनी "हिचा आवाज शिळा आहे" म्हणून परत नेऊन दिली होती म्हणे. त्या दुकानाचं पुढे काही खरं राहिलं नाही.

आणि इकडे तारवाल्यांचे कान जायला लागले होते. एकदम नव्हे. घर सोडणारा भाडेकरू एकेक सामान हलवतो, तसे. आधी बारीक तारेचा वरचा सूर गेला, मग पाखरं गेली, मग नातवाची कुजबुज. समोरचा माणूस तोंड दाखवून बोलला तर अजून निभावत होतं. गिटार जोडायच्या अँपचा आवाज गोधडीतून का होईना, यायचा. घरात कोणाला पत्ता नव्हता, कारण तारवाल्यांनी स्वतःच एकदा तोऱ्यात सांगून ठेवलं होतं, "कान गेले की त्या दिवशी या स्टुलावरून उठेन." बोलून बसले खरे, पण उठून जायचं कुठे? घरी खिडकीशी बसून रस्ता बघायचा?

दुकान ते आणि त्यांची सून मिळून चालवायचे. सून आत्ताच कुरिअरच्या ऑफिसात निघाली होती. दारात चप्पल घालता घालता ती पाठमोरीच काहीतरी बोलली. पुन्हा विचारायची तारवाल्यांना चोरी.

"बरं बरं," ते म्हणाले. मास्तरांनीही मान हलवली. सून गेली.

"जुन्या धर्तीची आहे," मास्तर गिटारीवरून हात फिरवत म्हणाले. ते खणखणीत बोलायचे. ढणढणाटात आयुष्य काढलेली माणसं बोलतातच तशी. "बँडमधले आम्ही जे उरलोय ते एकदा शेवटचं वाजवणार आहोत. मला तेव्हाचा आवाज हवाय. गोल. आत्ताच्यासारखा किरकिरा नको."

तारवाल्यांनी दोन पाकिटं काढली. एकात पोलादी तारा, वर निकेलचा मुलामा. दुसऱ्यात शुद्ध निकेलच्या. कुठली काय वाजणार, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. तरी आधी पोलादी चढवल्या. डावं दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला उजवं पटत नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता.

खुंट्या पिळल्या, सुराच्या यंत्राच्या काट्याकडे बघून तारा लावल्या, अँपची पिन गिटारीत खुपसली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. अँपचा लाल दिवा केव्हाच मेला होता. तो बदलायचं काम आज-उद्यावर चाललं होतं.

मास्तरांनी तारा छेडल्या.

तारवाल्यांनी कान टवकारला. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. गोधडीतून यायचं तेवढंही नाही. त्यांनी अँपचा आवाज वाढवला. मास्तरांची बोटं सपासप पळत होती आणि दुकानात स्मशानशांतता. संपलं, त्यांना वाटलं. आज राहिलंसाहिलं सामानही गेलं.

त्यात मास्तर तारांकडे बघत नव्हते. ते टक लावून तारवाल्यांच्या तोंडाकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं. यानं आपल्याला धरलं, अशी तारवाल्यांची खात्रीच झाली. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

मास्तर ताबडतोब थांबले. "नाही," ते म्हणाले. "बोचतोय."

"मी तेच म्हणणार होतो," तारवाले घाईघाईनं म्हणाले. "फार चकचकीत आहे."

"अगदी बरोबर बोललात."

तारवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पोलादी तारा उतरवल्या आणि निकेलच्या चढवल्या. या तारा गोडच वाजणार, यात शंका नव्हती. फक्त तोंडावर ते दिसायला हवं होतं.

मास्तर वाजवू लागले. तारवाले हळूहळू हसले, मान डोलावली, एका ठिकाणी तर अंदाजानं डोळेही मिटले. उघडले तेव्हा मास्तरांचे डोळे भरून आले होते.

"हाच," मास्तर म्हणाले. "तारवाले, हाच तो आवाज. एवढ्या वर्षांनी ऐकला. तुमच्यासारखा कान गावात दुसरा नाही."

तारवाल्यांना रडावंसं वाटलं. थोडं सुटल्याच्या आनंदानं, जास्त लाजेनं. एवढा मोठा माणूस आपल्यावर विश्वास टाकतो आणि आपण त्याच्यासमोर नाटक करतो. आज घरी गेल्यावर सुनेला सगळं सांगून टाकायचं, त्यांनी मनाशी ठरवलं. स्टुलावरून उठायचं तर या कौतुकानंतर उठलेलं बरं.

मास्तर गिटार पेटीत ठेवत होते, तेवढ्यात सून परत आली. घामाघूम झालेली. पिशवी ठेवून ती दोघांच्या समोर उभी राहिली.

"आले एकदाचे लाइट," ती म्हणाली. "खांबावरचा वायरमन म्हणाला, आत्ता जोडले. मी जाताना लाइट गेल्याचं सांगितलं, तेव्हापासून तुम्हाला नुसतं ताटकळत बसावं लागलं. आणि मास्तर, गिटार आत काय ठेवताय? काढा बाहेर, अँप लावून बघा तरी, कशा वाजतात या तारा."