दोन बरण्या

दोन्ही बरण्यांतले झेब्रामासे मजेत पोहत होते, आणि प्रयोगशाळेतल्या दमयंतीताईंना तेच खटकलं. प्रत्येक बाळाचं औषध आता आधी त्याच्याच जनुकाच्या माशांवर तपासून ठरायचं. या माशांत शर्वाणीच्या तान्ह्या रेवाचं बिघडलेलं जनुक होतं, हृदयाला कॅल्शियमचा इशारा पोचवणारं. औषध मात्र एकाच बरणीत घालायचं होतं; दुसरीतले मासे तुलनेसाठी औषधाविना ठेवायचे होते.

“शर्वाणी, खरं सांग.”

“दुसऱ्या बरणीतही दोन थेंब घातले, ताई. पहिल्याच दिवशी. पारदर्शक पिल्लं ती, इवलं हृदय आरपार दिसतं हो, नुसतं बघत बसवेना.”

“अगं बाई! मग ते औषधाने तगले, की औषध लागतच नव्हतं? नको असताना दिलं, तर तेच रेवाला बाधेल.”

शर्वाणीने कुशीतल्या रेवाच्या छातीवर हात ठेवला. “पुन्हा सुरू करा,” ती म्हणाली, “आणि या वेळी मला आत सोडू नका.”