दुपारी बाराचा कडा

हिमनदीचा कडा दुपारी बाराला ध्वनितोफेने पाडायचा, असं सहलीच्या कार्यक्रमातच छापलेलं होतं. पण त्या सकाळी जहाजाच्या स्कॅनरवर कड्याच्या आत एक माणूस दिसला. त्याच्या मांडीच्या हाडात धातूचा रॉड होता.

मृणालिनीबाई खांबेटेंनी तो रॉड ओळखला. मांडीत तसाच रॉड बसवलेले त्यांचे पती श्रीनिवास बावीस वर्षांपूर्वी याच हिमनदीच्या भेगेत पडले होते.

"दोन दिवस थांबा," त्यांनी कप्तानापुढे हात जोडले. "माणसं बोलावून त्यांना बाहेर काढू. कडा पाडलात तर ते समुद्राच्या तळाशी जातील."

"थांबलो तर पुढच्या सगळ्या फियॉर्ड खाड्या चुकतील. प्रवाशांनाच विचारतो," कप्तान म्हणाला.

त्याने डेकवर विचारलं. कडा पाडा म्हणणाऱ्यांचे हात भराभर वर गेले. मृणालिनीबाईंनी वळून पाहिलं. सोबत आलेल्या धाकट्या दिराचा, मुकुंदचाही हात वर होता.

"भावजी, अहो, तुमचा दादा आहे तो!"

"दादा तर गेलाच, वहिनी. पण आपण पुन्हा एवढ्या लांब कधी येणार?"

बाराला कडा कोसळला. लाट ओसरेपर्यंत टाळ्या वाजत होत्या. मृणालिनीबाई कठडा धरून पाण्याकडे बघत राहिल्या.

मुकुंदने मोबाइल खाली घेतला. "व्हिडिओ छान आलाय. तुम्हाला पाठवू?"