इशाऱ्याचा रकाना

भुयारी वसाहतीच्या सभागृहात क्ष-किरण दुर्बिणीचा आराखडा भिंतीवर लावला होता. शास्त्रज्ञ सुलक्षणा ओगलेंनी सगळे रकाने भरले होते. फक्त ‘इशारा किती आधी’ हा एकच रिकामा होता.

“दुर्बीण आणखी लांब ठेवा, म्हणजे इशारा लवकर मिळेल,” वसाहतीचे अध्यक्ष गुंजाळ म्हणाले.

“कितीही लांब ठेवा, साहेब!” सुलक्षणाबाई तडकल्या. “त्या ताऱ्याचा पुन्हा स्फोट झाला, की क्ष-किरण आणि दुर्बिणीचा संदेश एकाच वेगाने धावणार आणि बरोबरच पोचणार. गेल्या खेपेला अर्धं जग भाजलं, तेव्हा कुणाला पळायला क्षण तरी मिळाला का? वर जमिनीवर राहायला जायचं ते कशाच्या भरवशावर?”

गुंजाळांनी दार लोटून घेतलं. “खालचं पाणी दिवाळीपर्यंतच पुरेल. वर जावंच लागणार आहे. आणि इशाऱ्याच्या भोंग्याशिवाय एक माणूस पायरी चढणार नाही.”

सुलक्षणाबाईंनी पेन उचललं. मग त्यांनी रिकाम्या रकान्यात ‘वीस मिनिटं’ असं लिहिलं.

“पण भोंगा नको,” त्या म्हणाल्या. “शाळा सुटताना वाजते ना, तशी घंटा ठेवा. शेवटचा आवाज तरी सुटीचा असू दे.”