फेरतपासणी

"औषध लागू पडलेलं नाही. सहा महिन्यांपूर्वी आतड्याची सूज तीनपैकी दोन होती, आजही दोनच. तुमचं मोठं आतडं काढावं लागेल," डॉ. वर्टी म्हणाले.

बोंद्रेबाईंनी दुर्बिणीच्या तपासणीचे दोन्ही रिपोर्ट शेजारीशेजारी ठेवले. पंचवीस वर्षं दहावीचे पेपर तपासलेली नजर आधी सह्यांवर गेली.

"तेव्हाचे दोन कुणी दिले?"

"मी," शेजारची तरुण डॉक्टर म्हणाली.

"आणि आजचे सरांनी! अहो, एकाचा हात सढळ, दुसऱ्याचा आखडता. परीक्षेत त्यावरून कुणी पोर सुधारलं नाही म्हणतं का? नावं-तारखा झाकून दोन्ही पेपर दोघांनी तपासा बघू."

वर्टींच्या कपाळाला आठी पडली, तरी ते उठले. दोघांनी पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली, दोन्ही तपासण्यांचे व्हिडिओ पाहिले आणि आपापल्या कागदावर आकडे लिहिले. बाई बाहेर बाकावर पोटाशी पर्स धरून बसल्या.

अर्ध्या तासाने वर्टी स्वतः बाहेर आले. "आधी आम्ही दोघेही चुकलो होतो, आता आमचे आकडे जुळले. जुन्या व्हिडिओला तीन, नव्याला एक. आतडं राहू दे, बाई. औषध चालू ठेवा."

"एकच?"

एवढे कमी मार्क ऐकून आनंदाने रडायची वेळ बाईंवर पहिल्यांदाच आली होती.