कुकारा

विश्रामने दोन्ही हात तोंडाशी धरून कुकारा घातला. वाडीच्या पार टोकाला पानवेलीत पाणी वळवत असलेल्या तात्यांनी मान वर केली नाही.

त्याने आणखी एकदा घातला. शेजारच्या वाडीतला कुत्रा भुंकला, पण बाप काही वळला नाही.

सात वर्षं झाली तरी राग तसाच, विश्राम मनाशी म्हणाला आणि घराकडे वळला.

पालघरजवळच्या माहीमच्या वाड्यांत लांबच्या माणसाला कोणी नावाने हाक मारत नाही. केळी-पोफळी इतक्या दाट, की नाव अर्ध्या वाटेतच अडकतं. कुकारा मात्र पोचतो. त्या कुकाऱ्यावरूनच बापलेकाचं फाटलं होतं. पाणी दुसरीकडे वळव म्हणून तात्या विहिरीवरून कुकारे घालून घालून दमले, आणि विश्राम आपला केळीच्या बुंध्याशी बसून गोष्ट लिहीत राहिला. पाणी तुंबलं, हाताशी आलेली पानवेल मुळातून कुजली. तात्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, “आजपासून तुझ्या गोष्टीचं एक अक्षर माज्या कानावर पडता कामा नये.” विश्रामही त्यांचाच मुलगा. पिशवी भरून तो निघाला. बोईसरच्या एका कारखान्यात चिकटला, सरावलीला खोली घेतली आणि पुन्हा माहीमला फिरकला नाही.

लिहिणं मात्र सुटलं नाही. ‘साभार परत’ची पाकिटं इतकी आली, की पाकीट हातात ठेवण्याआधी पोस्टमनच तोंड पाडायचा. एका दिवाळी अंकाने गोष्ट छापली, तीही भलत्याच्याच नावावर. पुढच्या अंकात चूक दुरुस्त करू म्हणाले, आणि अंकच बंद पडला. कारखान्यातले लोक त्याला “ओ कविराज” म्हणत. आपण कविता करत नाही हे सांगून सांगून तो थकला होता. आई सणावाराला केळी घेऊन सरावलीला यायची. तात्यांचं विचारलं की “हायत बरे” एवढंच बोलून विषय तोडायची. मग विश्रामला वाटायचं, आपण छापून आलो काय आणि नाही आलो काय, ज्याने ऐकायचं त्याने कानच बंद करून घेतलेत.

आणि आता आकाशवाणीने त्याची गोष्ट घेतली होती, त्याच्याच आवाजात. आज संध्याकाळी ती लागणार होती. उभ्या महाराष्ट्राने ऐकली नसती तरी त्याला चाललं असतं. त्याला एकच श्रोता हवा होता. त्यासाठी तो गाडीने पालघरला आणि तिथून एसटीने माहीमला आला होता.

पडवीत त्याच्या आईने, रखमाने, रेडिओ स्टुलावर मांडून ठेवला होता. शेजारची साखरबाई आधीच येऊन पाय पसरून बसली होती.

“आय, तात्या बसतील?”

“बसतील. मी बोल्लेय त्यांना.”

“आनि तेवा म्हनाले होते, एक अक्षर नको, ते?”

रखमा अंगणात उतरली. कुंपणावरचं एक जास्वंदीचं फूल तोडून ती विहिरीपाशी गेली आणि तिने ते पाटाच्या पाण्यात सोडलं. फूल वाहत वाहत वाडीत गेलं. थोड्या वेळाने तात्या फावडं खांद्यावर टाकून आले. म्हातारपणी ही काय नवी लाडीगोडी, म्हणून विश्रामला हसू आलं.

तात्या पाय धुवायला लागले. तो मागे जाऊन उभा राहिला.

“तात्या, बरं हाय ना?”

तात्या पाय धूतच राहिले. मग वळले, त्याला पाहून क्षणभर थबकले आणि पडवीत येऊन खांबाला टेकून बसले. रेडिओकडे पाठ आणि रखमा-साखरबाईकडे तोंड. विश्रामला तेवढंही पुष्कळ वाटलं. म्हाताऱ्याने शब्दही राखला होता आणि बसलाही होता.

गोष्ट सुरू झाली. स्वतःचाच आवाज ऐकून विश्रामला घाम फुटला. त्याचं लक्ष बापाच्या चेहऱ्यावरून हलेना. गोष्टीतला जावई सासऱ्याच्याच माडावर नारळ चोरायला चढतो आणि खाली सासरा येऊन उभा राहतो, तिथे साखरबाई खो खो हसली. तात्याही हसले. विश्रामचा जीव भांड्यात पडला.

शेवटी गोष्टीतला म्हातारा रोज संध्याकाळी रिकाम्या वाडीत कुकारा घालतो, आणि एके दिवशी पलीकडून उलट कुकारा येतो. रखमाने पदर तोंडाशी धरला. तिला हुंदका आवरेना. तात्यांचेही डोळे भरून आले.

विश्राम बापाच्या समोर जाऊन बसला. “कशी वाटली?”

तात्यांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“चांगली झाली!” ते केवढ्या तरी मोठ्याने म्हणाले. “मदी जरा लांबली. साकरबाय जांभया द्याया लागली बघ. पन शेवट जमला. तुझी आय रडली.”

त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “लिवत जा,” म्हणाले, आणि फावडं घेऊन परत वाडीत गेले.

सात वर्षांत विश्रामला असं कोणी काही म्हटलं नव्हतं. त्याला रडावं की हसावं कळेना. रखमा भांडी घेऊन विहिरीवर गेली होती, तिच्या मागोमाग तो धावलाच.

“आय, ऐकली त्यांनी! पयल्यापासून शेवटपर्यंत! आता परत आलो ना, की लांबूनच कुकारा घालतो, बघ कशी ओ देतात! आनि तू पन काय फुलं सोडत बसतेस? कुकारा घालायचा की!”

रखमाने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“कुनाला घालू?” ती म्हणाली. “तीन वर्सं झाली, कानाशी ढोल वाजवला तरी त्यांना ऐकू येत नाय.”