पालथ्या वाट्या

"उघड, उघड! पेढा की बर्फी?" बायकांनी एकच गलका केला. डोहाळजेवणाला नटूनथटून बसलेल्या शर्वाणीपुढे पाटावर दोन पालथ्या वाट्या होत्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. असल्या खुळचटपणाला हसायचा तिला पुरेपूर हक्क होता. गरोदरपणात शरीर अमिनो आम्लं कशी वापरतं, यावर पीएचडी करत होती ती!

परवा मात्र सासूबाईंच्या देखत डॉक्टरांनी विचारलं होतं, "बाळाचं वजन कमी भरतंय. दिवसभर खाता तरी काय?"

"चहा-खारी." डाळीच्या वासाने तिला मळमळायचं, आणि प्रयोगशाळेतल्या गाभण उंदरिणींना प्रथिनं तोलून घालता घालता स्वतःचा डबा तसाच राहायचा.

"काम काय करता?"

"गणित शिकवते," तिने बेधडक ठोकून दिलं होतं.

आता तिने डावी वाटी उचलली. खाली परतलेली मटकी. उजवीखाली सोललेलं उकडलेलं अंडं! आत्याबाईंनी नाकाला पदर लावला.

"मुलगा-मुलगी काय व्हायचं ते होईल," सासूबाई तिच्यासमोर मांडी ठोकून बसल्या. "आधी हे संपव. तोवर मी हलायची नाही."

शर्वाणीने मुकाट्याने घास घेतला. सासूबाई टक लावून बघत होत्या. ती नजर तिच्या चांगलीच ओळखीची होती. पिंजऱ्यापुढे ती स्वतः रोज अशीच बसायची, उंदरीण शेवटचा दाणा उचलेपर्यंत.