खाजणातलं टेपाड

गोदूबाईने मनस्वीच्या हातातली चाळणी ओढूनच घेतली.

"तुला नाय जमायचं गो. हाडूक बारीक असंल. मी चाळते."

मनस्वी पुण्याहून मीठ शोधायला आली होती. म्हणजे मीठ नव्हे, त्याच्या खुणा. हजार-बाराशे वर्षांपूर्वी पेणच्या या खाजणात मडक्यांत खारं पाणी आटवून मीठ काढत. त्या राखेचं आणि खापरांचं हे टेपाड. भरतीला सगळं खाजण बुडायचं, एवढंच कोरडं राहायचं.

गोदूबाईला मिठाचं कौतुक नव्हतं. जन्म मिठागरात गेलेला, आणखी किती कौतुक करणार! तिला तिची पोर हवी होती. तिसरी मुलगी, जेमतेम महिन्याची. अंग तापलं म्हणून नवरा, रघू, तिला पेणला डॉक्टरकडे घेऊन गेला आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतला. वाटेतच गेली, टेपाडावर पुरली, म्हणाला. तान्ह्या पोरांना जाळत नाहीत. बाळंतिणीला तिकडे कुणी जाऊ दिलं नाही. तेव्हापासून तीसेक वर्षं ती बांधावरूनच टेपाडाला हात जोडत आली.

आता पावसाळ्याआधी टेपाडावर कंपनीचा भराव पडणार होता. त्याआधी पोरीची चार हाडं मिळावीत, ती खाडीत सोडावीत, एवढंच तिचं मागणं.

रघू पहिल्या दिवसापासून तणतणत होता.

"मेलेली पोर कशाला उकरतेस? सोड ना आता."

"तुमाला काय? तुमी पुरून मोकळे झालात."

यावर तो पाठ फिरवून बांधावर जाऊन बसला. बापाचंही काळीज असतं, मनस्वीला वाटलं. तिने थर्मासमधला चहा त्याला ओतून दिला.

तसंही भरावाखाली जाणारच, म्हणून मनस्वीने सगळं टेपाड थराथराने उतरवलं. खापरं निघाली, भाजलेली माती निघाली, माशांचे काटेसुद्धा निघाले. पोरीचं काहीच नाही. शेवटच्या दिवशी गोदूबाई चाळणी टाकून खाली बसली आणि ढसाढसा रडली.

"खाऱ्या मातीनं खाल्ली गो तिला!"

मनस्वीला राहवलं नाही. तिने तिला हाताला धरून उठवलं आणि थर दिसावेत म्हणून कडेला राखलेल्या मातीच्या भिंतीपाशी नेलं. वर बोटभर माती, खाली राखेचा काळा पट्टा.

"मावशी, मातीने नाही खाल्लं. कुणी खड्डा खणला, की हा पट्टा तुटतो. बुजवला तरी पुन्हा जुळत नाही. आम्ही सगळं टेपाड पाहिलं, पट्टा कुठेच तुटलेला नाही. मीठवाले गेले, त्यानंतर इथे कुणी कुदळच मारलेली नाही." मग तिची समजूत काढत म्हणाली, "काकांची जागा चुकली असेल. त्यांना विचारा, आपण तिथे खणू."

रघू बांधावर उभा होता. त्याने मान खाली घातली.

गोदूबाईने पदराने डोळे पुसले.

"अवो," ती म्हणाली, "माझ्या पोरीचं काय केलंत?"